तिसरा कागद

लोकांनी भरून दिलेले कागद ताई आधी कधीच वाचत नसे. तेवीस वर्षांत हजारभर माणसांना तिने नोकरी शोधण्याआधी दिशा शोधायला शिकवलं होतं, आणि प्रत्येकाची पाकिटं त्याच्या समोरच फोडली होती. आधी वाचलं की आपलं मत बनतं, मत आवाजात उतरतं, आणि मग समोरचा माणूस कागद सोडून आपला आवाज ऐकत बसतो, असं ती म्हणे. तिचा दुसरा नियम असा, की पाकिटं फोडताना खोलीत दोघंच असावीत, ती आणि ज्याची दिशा शोधायची तो. त्या रविवारी दुपारी तिने पहिला नियम पाळला आणि दुसरा मोडला. मोडावा लागला, कारण अण्णा जेवणाच्या टेबलाची मुख्य खुर्ची अडवून बसले होते आणि तिथून हलायचं नाव घेत नव्हते.

"माझ्या घरात माझ्या नातीबद्दल काय वाचताय ते मी ऐकणार," अण्णा म्हणाले. "गुपित असेल तर तुझ्या ऑफिसात जाऊन वाच."

"गुपित नाही अण्णा. पद्धत असते एक."

"लोकांना नोकऱ्या सोडायला लावायची पण पद्धत असते होय!"

आपली लेक पोटापाण्यासाठी नेमकं काय करते हे अण्णांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची त्यांना घाईही नव्हती. सासरे बसले म्हणून सूनही बसली. वहिनीने चहाचे कप सगळ्यांपुढे सरकवले आणि पदराला हात पुसत आपल्या लेकीच्या, खारूच्या शेजारची खुर्ची ओढली. शेवटी बाळ वर आला. बाळ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, खारूचा बाप, वय वर्षं त्रेपन्न. त्याला बाळ म्हणणं थांबवायला हवं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कोपरापर्यंत प्लास्टरची पांढरी भुकटी तशीच घेऊन तो दाराजवळच्या स्टुलावर टेकला. घरात काही ठरायचं असलं की तो नेहमी दाराजवळच बसायचा.

ठरायचं होतं ते एवढंच, की उद्या सोमवारी सकाळी नऊ वाजता खारू खालच्या मजल्यावर कारखान्यात जाऊन बसणार की नाही.

कारखाना म्हणजे कवळ्यांचा. शहरातल्या सतरा दातांच्या डॉक्टरांकडून डबे यायचे, डब्यात कुणाच्यातरी जबड्याचा साचा आणि एक चिठ्ठी. आठ दिवसांनी त्याच डब्यातून दात घालून तयार झालेली कवळी परत जायची. अण्णांनी एका मोटरवर आणि एका दिव्यावर हे सगळं उभं केलं, आता त्याला पंचावन्न वर्षं झाली. थोरला कारागीर गेल्या महिन्यात डोळ्यांपायी घरी बसला. त्याची खुर्ची रिकामी होती आणि रिकामी खुर्ची अण्णांना बघवत नव्हती. खारू विमा कंपनीतली फोनवर बोलायची नोकरी सोडून आठ आठवडे घरात होती, हो म्हणत नव्हती की नाही म्हणत नव्हती. पुढचे दोन दात मोठे म्हणून लहानपणी अण्णांनीच ठेवलेलं हे नाव. दात पुढे बेतात आले, नाव काही सुटलं नाही.

"सोमवारी पोरगी एकदा खाली गेली की गेली, ताई," वहिनीने फोनवर सांगितलं होतं. "तुम्ही काहीतरी करा. खिडकी असलेलं ऑफिस, गळ्यात ओळखपत्र, दुपारी चार मैत्रिणी, एवढं तरी मिळू दे तिला." आणि खारूने आत्याला शब्द दिला होता, की तीन माणसांच्या कागदांतून जे निघेल त्यावर मी सोमवारचं ठरवेन. घरच्या तिघांनी आठवडाभरात खारूबद्दलचे कागद भरून, पाकिटं चिकटवून ताईकडे दिली होती.

पहिलं पाकीट अण्णांचं निघालं. ओळखायला कष्ट नव्हते, शाई हिरवी होती.

"नाव, खारू," ताई वाचू लागली. "वेळेचं भान हरपतं असं काम: दात लावणे. सातवीत असताना शाळा बुडवून चार तास खाली बसली होती, जेवायला हाक मारली तर चिडली. चांगलं जमतं असं काम: दात लावणे. नकोसं वाटणारं काम: फोनवर बोलणे. राहून गेलेलं काम: दात लावणे."

"झालं! निकाल लागला," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही सगळीकडे एकच लिहिलंय."

"एकच खरं असलं तर माणूस दुसरं काय लिहिणार?"

खारू हसली. वहिनी हसली नाही. दुसरा कागद तिचाच होता, आणि तिने तो परीक्षेला बसल्यासारखा दोन्ही बाजूंनी भरला होता. चिडलेल्या माणसाला शांत करणं चांगलं जमतं, असं तिने लिहिलं होतं. विमा कंपनीत एका म्हाताऱ्या गृहस्थांना खारूने पाऊण तास फोनवर धीर दिला, तेव्हा तिचं जेवणाकडेही लक्ष नव्हतं. नकोसं वाटणारं काम या मथळ्यापुढे तिने दोनच शब्द लिहिले होते: कोंडलेली खोली. ते वाचताना ताईने डोळा वर करून अण्णांकडे पाहिलं. अण्णा छताकडे बघत होते.

एक तिकडे, एक इकडे. म्हणजे आता सगळं तिसऱ्या कागदावर आलं. त्यात काय असणार याचा अंदाज टेबलाभोवती प्रत्येकाला होता. बाळने आयुष्यात अण्णांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. वहिनीने तर आधीच ओठ घट्ट मिटून घेतले.

"नाव, खारू," ताईने वाचलं. "वेळेचं भान हरपतं असं काम: तसं काही नाही. खोलीला खिडकी नाही, त्यामुळे किती वाजले ते घड्याळातच बघावं लागतं. दिवसातून किती वेळा बघितलं जातं ते मोजलेलं नाही."

वहिनीचा चेहरा उजळला. विमा कंपनीच्या त्या फोनच्या खोलीलाही खिडकी नव्हती. पोरगी तिथे कशी कोंडली होती ते लिहून नवरा आपल्या बाजूने बोलतोय असं तिला वाटलं, आणि तिने कौतुकाने दाराकडे पाहिलं.

दारात बाळ उठून उभा राहिला होता. "ताई, थांब," तो म्हणाला.

पण ताईची नजर पुढच्या ओळीवर गेलेली होती, आणि वाचनाला बसलेलं तोंड नजरेच्या मागोमाग जातंच.

"नकोसं वाटणारं काम: दुसऱ्यांचे दात. एकतीस वर्षं."

खाली कुठलीतरी मोटर चालू राहिली होती, तिचा आवाज जिन्यातून वर येत होता. ताईने ती ओळ मनात पुन्हा वाचली. एकतीस वर्षं. खारू चोवीस वर्षांची होती.

"हे कुणाचं लिहिलंय?" वहिनीने विचारलं. विचारताना तिचा आवाज इतका लहान झाला होता, की उत्तर तिला ठाऊक झालं आहे हे सगळ्यांना कळलं.

"बाळ," ताई म्हणाली, "अरे, कागद खारूचा होता. खारूबद्दल लिहायचं होतं."

"वर खारूचं नाव होतं," बाळ म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "चिठ्ठीवर वर नाव केसचं असतं. खाली आपण काय केलं ते आपण लिहायचं. पेशंटबद्दल आपण कधी काय लिहितो? आपल्याला काय माहीत असतं पेशंटचं? मला वाटलं, खारूच्या केससाठी मी माझं काम लिहून द्यायचंय. म्हणजे तुला ठरवता येईल."

त्याने खरोखर चिठ्ठी भरली होती. प्रत्येक डब्यातून येते तशी. वरती रुग्णाचं नाव, खाली मथळे, मथळ्यांपुढे कारागिराने स्वतःच्या हाताचा हिशोब द्यायचा, कुठे घासलं, कुठे चुकलं, काय राहिलं. खोटं लिहिलं तर कवळी कुणाच्यातरी तोंडात टोचते, म्हणून खोटं लिहायचं नसतं. हे अण्णांनीच त्याला शिकवलं होतं, आणि बाळने आयुष्यात एकही चिठ्ठी खोटी भरली नव्हती.

"आणि मला वाटलं तू एकटीच वाचशील," तो म्हणाला. "चिठ्ठी डॉक्टर एकटेच वाचतात."

दोन नियमांपैकी एक मोडायचा होता तर दोन्ही मोडायचे होते. आधी उघडून बघितलं असतं तर हा कागद तिने पर्समध्ये घातला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. तेवीस वर्षांचा शहाणपणा नेमका घरात येऊन तोंडावर आपटला.

"सव्वीस वर्षं," वहिनी म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी विचारते, कसा गेला दिवस. हे म्हणतात, छान. रोज! मी मैत्रिणींना सांगते, आमच्या ह्यांचं कामावर भारी प्रेम. मला वेड्यात काढलं का हो तुम्ही?"

"तसं नाही गं."

"मग कसं? तुम्हाला भाजीत मीठ कमी पडलेलं मला बघून कळतं. आणि हे कळलं नाही? मी कुठल्या माणसाबरोबर राहत होते?"

अण्णांनी तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही कपाच्या बशीत ठेवल्या. अण्णांना बोलायचं नसलं की ते कवळी काढून ठेवत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एरवी पोरं त्यावर हसायची. आज त्यांचे गाल आत गेले आणि ते एकदम ब्याऐंशी वर्षांचे दिसू लागले, तेव्हा हसावं असं कुणाला वाटलं नाही.

"पुढचं वाच आत्या," खारू म्हणाली.

"नको," बाळ म्हणाला.

"बाबा, माझ्या नावाचा कागद आहे. मला ऐकायचाय."

बाळ खांदे पाडून पुन्हा स्टुलावर बसला. "वाच," तो म्हणाला. "अर्धवट ऐकून काय करणार?"

ताईने कागद दोन्ही हातांनी धरला.

"चांगलं जमतं असं काम: दात लावणे. जमत गेलं म्हणून करत गेलो. जमतंय म्हणून कुणी विचारलं नाही." ती पुढच्या ओळीवर गेली. "राहून गेलेलं काम: नकाशा कार्यालयात नेमणूक झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. ताई शनिवारी गेली."

हजार माणसांसमोर हजार वेळा सांगितलेली एक गोष्ट तिच्याकडे होती. प्रत्येक वर्गाची सुरुवात ती त्या गोष्टीने करायची. मी पंचवीस वर्षांची होते, वडिलांच्या कारखान्यात मेणात दात बसवायला माझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की कारखाना मीच चालवणार. एका शनिवारी पहाटे मी बॅग उचलली आणि निघाले. सगळे म्हणाले घर मोडेल. काय झालं? कुणाचंही काही अडलं नाही! इथे ती थांबायची, आणि समोरची माणसं वह्यांमध्ये लिहून घ्यायची, कुणाचंही काही अडत नाही.

"पुढे आहे अजून?" खारूने विचारलं.

"आहे. विशेष सूचना." ताईने वाचलं. "वर जिचं नाव आहे तिला माझ्या शेजारी बसवू नका. तिचा हात फार चांगला आहे. म्हणूनच बसवू नका."

कागद संपला. खारू वडिलांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण रडण्यापेक्षा जास्त त्यात आश्चर्य होतं. रोज संध्याकाळी जिना चढून वर येणारा, हात धुऊन टीव्हीसमोर बसणारा माणूस तिने चोवीस वर्षं पाहिला होता, आणि तो तिला आज पहिल्यांदा दिसत होता.

अण्णांनी बशीतल्या दोन्ही कवळ्या उचलून तोंडात बसवल्या. नीट बसायला वेळ लागला.

"तू कधी चुकला नाहीस," ते बाळला म्हणाले. "पहिल्या वर्षापासून. एक डबा कधी परत आला नाही. मला वाटलं, आवडल्याशिवाय माणसाचा असा हात चालतच नाही."

"चालतो, अण्णा."

"मग मला कसं कळावं?"

खरंच विचारत होते ते. आयुष्यभर त्यांनी माणसं हातावरून ओळखली होती, आणि स्वतःच्या मुलाच्या हाताने त्यांना फसवलं होतं.

"बंद करतो कारखाना," अण्णा म्हणाले.

"अण्णा!" हे वहिनी ओरडली. जी बाई आठ दिवस लेकीला त्या खोलीपासून वाचवायला धडपडत होती, तीच आता उठून उभी राहिली. "बंद कशाला? ह्यांना मोकळं करा. खारू बसेल."

ताईने वहिनीकडे पाहिलं. कानांवर विश्वास बसत नव्हता. "वहिनी, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्ही..."

"पाच मिनिटांपूर्वी मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. ह्यांचं अर्धं आयुष्य गेलं ताई, उरलेलं तरी जाऊ देणार नाही मी. आणि पोरीचा हात चांगला आहे, अण्णांनी पण लिहिलंय, ह्यांनी पण लिहिलंय. तीनातले दोन कागद तेच म्हणतात."

"माझा कागद ते म्हणत नाही," बाळ म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. इतकी वर्षं बसलात ना, अजून दहा मिनिटं बसा!"

"आई, ओरडू नकोस बाबांना." खारूने डोळे पुसले. ती सरळ बसली, आणि ते सरळ बसणं ताईच्या ओळखीचं होतं. अशीच पाठ ताठ करून माणसं तिच्या ऑफिसात सांगतात, की घरच्यांसाठी मी करेन, मला काही वाटणार नाही. "मी बसते उद्यापासून. मला तसाही कुठे काय ठरवता येत होतं? आठ आठवडे झाले, काय करायचंय तेच कळत नाहीये. निदान याचा कुणालातरी उपयोग होईल. बाबा सुटतील."

"नाही," बाळ म्हणाला.

"का नाही? मला आवडतं बाबा."

"आवडतं असं तू काल म्हणाली असतीस तर मी विश्वास ठेवला असता. आज कसा ठेवू?"

"मग मी काय करायचं? तुमचा कागद ऐकून नोकऱ्या शोधत फिरू? तुम्हाला खाली ठेवून?"

काल पोरगी हो म्हणाली असती तर ते नुसतं हो असतं. आता त्यातलं किती तिचं आणि किती बापासाठी, हे खुद्द तिलाही सांगता आलं नसतं. वहिनी म्हणत होती तिला बसू द्या, अण्णा म्हणत होते कुलूप लावतो, बाळ नुसती मान हलवत होता. आणि मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा ताईकडे वळल्या. दिशा शोधून देणं हा तिचा धंदा होता ना!

ताईला त्या क्षणी एक शुक्रवारची संध्याकाळ दिसत होती. तिने ती इतकी खोल पुरली होती, की कधी वर येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती बॅग भरत होती. बाळ दाराशी येऊन उभा राहिला होता, बावीस वर्षांचा, हातात एक लांब खाकी पाकीट. ताई, एक सांगायचं होतं, म्हणाला होता. पाकिटावर सरकारी शिक्का होता. तिने शिक्का वाचला होता. नकाशा कार्यालय. तिला सगळं लख्ख कळलं होतं, आणि ती म्हणाली होती, उद्या सांग रे, आज दमलेय. उद्या ती पहाटेच निघून जाणार आहे, हे तिला माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं.

हे बोललं नाही तर चालणार होतं. कुणाला कधीच कळलं नसतं. पण खारू ताठ बसली होती, आणि उद्या नऊला अजून अठरा तास होते.

"बाळ," ती म्हणाली, "तू पाकीट घेऊन आला होतास ना, आदल्या दिवशी? माझ्या दाराशी."

"हो. तू दमली होतीस."

"मी दमले नव्हते. मी शिक्का वाचला होता."

बाळच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही.

"मला कळलं होतं तू जाणार आहेस ते," ताई म्हणाली. आता थांबणं शक्यच नव्हतं. "दोघं गेलो असतो तर अण्णांनी एकाला तरी अडवलं असतं. आणि मला वाटलं, अडवतील ते मलाच, हात माझा चांगला होता. मी तुला बोलू दिलं असतं तर मला थांबावं लागलं असतं, निदान बोलावं लागलं असतं. म्हणून उद्या म्हणाले. आणि पहाटे गेले."

वहिनीने तोंडावर हात धरला.

"तुला माहीत नव्हतं," बाळ हळू म्हणाला. "एकतीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो ताई. तिचा काय दोष, तिला माहीतच नव्हतं. सगळ्यांवर चिडलो मनातल्या मनात. अण्णांवर, नशिबावर. तुझ्यावर कधी नाही. एकदाही नाही." त्याचा आवाज फाटला. "हे तू आज का सांगितलंस?"

"कारण ही बसायला निघालीय."

ताई खारूकडे वळली. "ऐक. मी लोकांना सांगते, मी गेले आणि कुणाचं काही अडलं नाही. ते खोटं आहे, तुझ्या बाबाचं सगळं अडलं. पण त्याहून वाईट एक आहे, ते नीट ऐकून घे. मी सुखाने जगले. पहिलं वर्ष मला ते पाकीट आठवायचं. मग कमी झालं. मग मी त्याची गोष्ट केली आणि त्या गोष्टीवर धंदा केला. मला छान झोप लागायची, खारू. तू खाली बसलीस तर तुझा बाबा बाहेर पडेल. पहिलं वर्ष त्याला वाईट वाटेल. मग तोही विसरेल. विसरता येतं माणसाला. आणि तू घड्याळ बघत बसशील."

"मी विसरणार नाही," बाळ तडकून म्हणाला.

"मी काय वाईट होते का रे तेव्हा? तुला अभ्यासाला मीच बसवायची ना?"

बाळला ते पटलं होतं, हे सगळ्यांना दिसलं. त्याने आपल्या पांढऱ्या हातांकडे पाहिलं. मग तो खारूजवळ आला आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"तू जा," तो म्हणाला. "बाहेर जा, काम शोध, चार ठिकाणी नाही म्हणू देत, एका ठिकाणी हो म्हणू देत. वर्षभर कर. त्यानंतर तुला वाटलं खाली यायचं, तर ये, मी स्वतः शिकवेन. मी गेलोच नाही, त्यामुळे परत आलो असतो की नाही हे मला कधी कळलंच नाही. कदाचित आलो असतो. मला खरंच माहीत नाही."

"आणि तुम्ही?"

"खाली अठरा डबे आहेत. अठरा माणसं दातांवाचून खोळंबलीत. ते पुरे करतो. नवीन डबा घेत नाही." त्याने अण्णांकडे पाहिलं. विचारल्यासारखं पाहिलं नाही, सांगितल्यासारखं पाहिलं, आणि हे त्या घरात पहिल्यांदा घडत होतं.

अण्णांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "त्यातल्या सहा डब्यांचं मेणाचं काम मी करतो," ते म्हणाले. "लवकर उरकेल."

वहिनी खाली बसली आणि रडू लागली. बाळ तिच्याकडे गेला नाही. तो ताईसमोर येऊन थांबला. ताईला वाटलं तो ओरडेल, आणि तिने त्याची तयारीही केली.

"ताई, तू आता जा," तो म्हणाला.

अख्ख्या आयुष्यात त्याने तिला असं कधी म्हटलं नव्हतं. ये म्हटलं होतं, थांब म्हटलं होतं, निघताना डबा भरून दिला होता. ताईने पर्स उचलली. कागद टेबलावरच राहू दिले. अण्णांना नमस्कार करायला ती वाकली, पण ते दुसरीकडे बघत होते, म्हणून ती तशीच सरळ झाली. जिना उतरताना तिने कठडा धरला. छप्पन्न वर्षांच्या बाईने एवढ्याशा जिन्याला कठडा धरावा, याचं तिलाच नवल वाटलं.

रस्त्यावर पोचेपर्यंत मागून चपलांचा आवाज आला. खारू होती. धावत आली होती, धापा टाकत होती. ताईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केले, पण खारू दोन पावलं अलीकडेच थांबली.

"आत्या, मी उद्या खाली बसत नाहीये."

"बरं झालं." ताईला एकदम हायसं वाटलं. "मंगळवारी ये माझ्याकडे. सकाळी कुणी नसतं. पहिल्यापासून सुरुवात करू, दोघीच."

"तुझ्याकडे नको," खारू म्हणाली.

ती हे रागाने म्हणाली असती तर ताईला सोसलं असतं. ती फार हळू म्हणाली, म्हाताऱ्या गृहस्थाला फोनवर धीर द्यावा तशी.

"दुसरं कुणी असेल ना, हेच काम करणारं? चांगलं? तू जिला चांगली मानतेस अशी?"

एक होती. ताईच्याच रस्त्यावर, चार इमारती पलीकडे. पंधरा वर्षं ताई तिच्या वर्गांना नावं ठेवत आली होती आणि पंधरा वर्षं तिला माहीत होतं, की ती बाई आपल्यापेक्षा चांगली आहे.

"आहे," ताई म्हणाली. "नंबर देते. लिहून घे."

खारूने फोन काढला. ताई आकडे सांगू लागली, तिसऱ्या आकड्याला चुकली, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. खारूने सगळे आकडे एकदा वाचून दाखवले. मग फोन खिशात घालता घालता ती थांबली.

"ती पन्नाशीच्या पुढची माणसं घेते का गं?" तिने विचारलं. "दोघांसाठी वेळ घ्यायचीय."